अजिंठ्याच्या एका चित्राचा ग्रंथालयातील माग

कलेतिहासाच्या अभ्यासात मूळ कलाकृतीचे प्रत्यक्ष निरीक्षण हा पहिला आधार मानला जातो आणि ते योग्यही आहे. परंतु कलाकृती पुरातन असेल, तिचा रंग उडालेला किंवा गिलावा पडलेला असेल, तर तिच्याविषयीचा बराचसा पुरावा मूळ जागी उरत नाही. तो जुन्या प्रतिकृतींत, छायाचित्रांत, अहवालांत, शिलालेखांच्या ठशांत आणि नियतकालिकांतील लेखांत विखुरलेला असतो. अजिंठ्याची लेणी हे याचे ठळक उदाहरण होय. १८१९ साली जॉन स्मिथ या मद्रास लष्करातील अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, त्यानंतरच्या काळात त्यांच्याविषयी विपुल लेखन झाले आणि त्याच काळात भिंतींवरील चित्रांची झीजही होत राहिली. त्यामुळे या चित्रांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला लेण्यांजवळच्या वाघोरा नदीच्या काठी लागतो तितकाच वेळ ग्रंथालयात घालवावा लागतो, आणि तेथे साधने शोधायची कशी हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर विषयाच्या आखणीपासून सुरू होते. ‘अजिंठ्याची चित्रकला’ हा विषय इतका विस्तीर्ण आहे की कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेत त्याखाली नोंदींचा ढीग सापडतो आणि त्यातून निवड करणे अवघड होते. त्याऐवजी एखादे निश्चित चित्र आणि त्याविषयीचा एखादा निश्चित प्रश्न घेतला, तर शोधाला दिशा मिळते. येथे विवेचनाच्या सोयीसाठी लेणे क्रमांक १ मधील ‘इराणी वकिलात’ या नावाने पूर्वी ओळखले गेलेले चित्र घेतले आहे. दरबारात सिंहासनावर बसलेला राजा आणि त्याच्यासमोर भेटी घेऊन आलेले, टोकदार टोप्या व अंगरखे घातलेले परदेशी लोक असा त्याचा विषय आहे. हे चित्र कोणत्या प्रसंगाचे आहे आणि त्यावरून लेण्याचा काळ ठरवता येतो का, हे दोन प्रश्न हाती घेतल्यास ग्रंथालयातील जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या साधनाशी अभ्यासकाची गाठ पडते.

साधनांचे सामान्यतः दोन वर्ग केले जातात. कलाकृती, तिच्या काळातील लेख, दाननोंदी, समकालीन ग्रंथ ही प्राथमिक साधने; आणि त्यांच्या आधारे नंतरच्या अभ्यासकांनी केलेले विवेचन ही दुय्यम साधने. अजिंठ्याच्या बाबतीत ही सीमारेषा काटेकोर राहत नाही. एकोणिसाव्या शतकात केलेली प्रतिकृती ही मूळ चित्राच्या तुलनेत दुय्यम असली, तरी चित्राचा जो भाग पुढे नष्ट झाला त्याच्यापुरती तीच प्राथमिक ठरते. म्हणून एखादे साधन कोणत्या वर्गात बसते हे त्याच्या प्रकारावरून न ठरवता, त्याला कोणता प्रश्न विचारला जात आहे यावरून ठरवावे लागते.

शोधाची पहिली पायरी संदर्भग्रंथांची असते. मराठी विश्वकोशातील नोंद, देबला मित्रा यांनी भारतीय पुरातत्त्व विभागासाठी लिहिलेली अजिंठ्याची मार्गदर्शिका आणि वाकाटक राजवंशाच्या इतिहासासाठी वासुदेव विष्णु मिराशी यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा मराठी ग्रंथ, एवढी सामग्री सुरुवातीला पुरेशी आहे. तिच्यातून दोन गोष्टी पदरात पडतात. एक म्हणजे विषयाचा सर्वमान्य आराखडा : लेण्यांचा एक गट सातवाहनकालीन असून लेणी क्रमांक ९ आणि १० ही त्यातील चैत्यगृहे होत, तर दुसरा, संख्येने मोठा गट वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाशी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाशी निगडित आहे. दुसरी गोष्ट म्हणजे संदर्भसूची. चांगल्या ग्रंथाच्या शेवटी दिलेली सूची ही आधीच्या अभ्यासकाने निवडून ठेवलेली साधनेच असतात. एका सूचीतून तिच्याआधीच्या ग्रंथाकडे आणि त्याच्या सूचीतून आणखी मागे जात राहिल्यास अभ्यासक एखाद्या विधानाच्या उगमापर्यंत पोहोचतो. याला मागोवा पद्धत म्हणता येईल. तिची उणीव एवढीच की ती नेहमी भूतकाळाकडे नेते, त्यामुळे एखाद्या जुन्या लेखाचा पुढे कोणी स्वीकार वा प्रतिवाद केला हे पाहण्यासाठी उलट दिशेचा, म्हणजे त्या लेखाचा उल्लेख करणाऱ्या नव्या लेखनाचा शोधही घ्यावा लागतो.

दुसरी पायरी तालिकेची, म्हणजे ग्रंथालयातील ग्रंथांच्या नोंदींच्या व्यवस्थित सूचीची. पूर्वी ती लाकडी खणांतील पत्रांवर असे, आता बहुतेक ठिकाणी संगणकावर असते. परंतु दोन्हींत शोधणाऱ्याला नोंद करणाऱ्याचे शब्द माहीत असावे लागतात. अजिंठ्याचे नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजी लिपीत वेगवेगळ्या रीतीने लिहिले गेले असून एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात ‘अजंटा’, ‘अजुंटा’, ‘अडजुंटा’ अशी रूपे येतात, त्यामुळे आजच्या रूढ वर्णलेखनाने शोध घेतल्यास नेमकी जुनी नोंद निसटते. तीच गोष्ट विषयशीर्षकांची. जुन्या पुस्तकांत या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटलेले आढळते. वस्तुतः फ्रेस्को तंत्रात ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला जातो आणि अजिंठ्याला तो कोरड्या पृष्ठभागावर बंधकद्रव्य मिसळून दिलेला आहे, म्हणून नव्या लेखनात भित्तिचित्र या अर्थाच्या संज्ञा वापरल्या जातात. दोन्ही संज्ञांनी शोध घेतल्याशिवाय तालिकेतील सर्व ग्रंथ हाती लागत नाहीत.

तालिकेमागे वर्गीकरणपद्धती असते आणि तिची तोंडओळख असलेल्या अभ्यासकाला कपाटांमध्ये स्वतःहून वाट काढता येते. ड्युई दशांश पद्धतीत ७०० हा कलांचा वर्ग असून ७२० मध्ये वास्तुकला, ७३० मध्ये शिल्पकला आणि ७५० मध्ये चित्रकला येते; भारतातील अनेक ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या, एस. आर. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात ललितकलांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. तथापि अजिंठ्याचे सगळे संदर्भ कलेच्या कपाटात सापडत नाहीत. बौद्ध कथावाङ्मय धर्माच्या वर्गात, म्हणजे २९४.३ या क्रमांकाच्या आसपास असते, वाकाटकांचा इतिहास प्राचीन भारताच्या ९३४ या क्रमांकाखाली जातो, शिलालेखांचे संग्रह काही ठिकाणी पुराभिलेखविद्येच्या विभागात वेगळे ठेवलेले असतात, आणि मोठ्या आकाराची चित्रसंपुटे तर सामान्य कपाटात मावत नसल्यामुळे त्यांची जागाच निराळी असते. गुलाम याझदानी यांच्या ‘अजंता’ या ग्रंथाचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ असे पाव शतकभर निघत राहिले आणि त्यांतील मजकुराचे व चित्रांचे खंड वेगवेगळे बांधलेले आहेत. ग्रंथालयात मजकुराचा खंड मिळाला म्हणजे काम झाले असे समजून परतणारा वाचक चित्रफलकांना मुकतो. अशा वेळी ग्रंथपालाला ‘अजिंठ्याचे पुस्तक’ न मागता भाग, खंड आणि चित्रफलक यांचा स्पष्ट उल्लेख मागणीपत्रकात करावा लागतो.

येथवरची पद्धत कोणत्याही विषयाला लागू पडते. अजिंठ्याच्या संदर्भांचे खरे वैशिष्ट्य मात्र त्यांच्या भौगोलिक विखुरलेपणात आहे, आणि हे विखुरलेपण लेण्यांचा कारभार व खर्च कोणाच्या हाती होता यावरून ठरलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. त्याने तैलरंगांत केलेली मोठी चित्रे लंडनला गेली, सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाली आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात सुमारे ३०० चित्रे तयार केली. तीही लंडनमधील साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली आणि १८८५ च्या आगीत त्यांपैकी बरीच नष्ट झाली; उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्या कामावर आधारलेला ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रकाशित झाला. १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांच्या साहाय्याने नव्या प्रतिकृती केल्या, त्यांचे पुस्तक लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये काढले. पुढे लेणी ज्या राज्यात होती त्या हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते उभारले, इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रांच्या जतनाचे काम करवून घेतले आणि याझदानींच्या ग्रंथाचा भार उचलला. स्वातंत्र्योत्तर काळात ही जबाबदारी भारतीय पुरातत्त्व विभागाकडे आली.

हा क्रम समजला की कोणता कागद कुठे मागायचा हे बऱ्याच अंशी कळते. कंपनीच्या काळातील पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात, मुंबई सरकारच्या व कलाशाळेच्या संबंधातील कागद महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात, संस्थानी खात्याचे वार्षिक अहवाल आणि दप्तर हैदराबादेत, आणि अलीकडची माहिती पुरातत्त्व विभागाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात, असा हा नकाशा आहे. येथे ग्रंथालय आणि पुराभिलेखागार यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ग्रंथालयात छापील ग्रंथांची विषयवार मांडणी असते. पुराभिलेखागारात कागद ज्या खात्यात निर्माण झाले त्या खात्याच्या क्रमानेच ठेवलेले असतात. ‘अजिंठा’ हा विषय सांगून तेथे फारसे काही मिळत नाही, कारण प्रतिकृतींच्या खर्चाची मंजुरी ही कलेची बाब म्हणून नव्हे, तर एखाद्या खात्याच्या नेहमीच्या कामकाजाची बाब म्हणून दप्तरात दाखल झालेली असते. म्हणून आधी खाते, मग वर्ष आणि त्यानंतर विषय, असा उलटा क्रम तेथे धरावा लागतो.

आता मूळ चित्राकडे वळता येईल. ‘इराणी वकिलात’ हे नाव याझदानी, ग्रिफिथ्स आणि इतर अनेकांच्या पुस्तकांत दिसते. मागोवा घेत गेल्यास ते जेम्स फर्ग्युसन यांच्यापाशी पोहोचते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८७९ मध्ये आलेल्या लेखात त्यांनी असे मांडले की हा प्रसंग बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील आल्याचा आहे. अल्-तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथात खुस्रो आणि एक भारतीय राजा यांच्यात पत्रे व भेटी पाठवल्या गेल्याचा उल्लेख आहे, त्याची जोड त्यांनी या चित्राशी घातली. खुस्रोची कारकीर्द ५९० ते ६२८ अशी ज्ञात असल्यामुळे या ओळखीबरोबर लेणे क्रमांक १ ची चित्रे आपोआप सातव्या शतकात गेली आणि अजिंठ्याचा संपूर्ण कालक्रम लांबला. पुढील अनेक ग्रंथांनी हा निष्कर्ष उचलला. त्यांची संख्या मोठी दिसली तरी त्या सर्वांचा आधार एकच लेख होता. म्हणून दहा ग्रंथांत आढळणारे विधान हे दहा पुरावे नसून एकाच पुराव्याची दहा वेळा झालेली नोंद असू शकते, याची खातरजमा संदर्भसूचींच्या मागोव्यानेच होते.

या निष्कर्षाची तपासणी करण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे साधन लागते, ते म्हणजे शिलालेख. लेणे क्रमांक १ मध्ये त्याच्या दात्याचा लेख नाही, त्यामुळे शेजारच्या लेण्यांच्या लेखांवर विसंबावे लागते. लेणे क्रमांक १६ मध्ये हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, लेणे १७ चा लेख त्याच काळातील एका स्थानिक मांडलिक घराण्याचा आहे आणि लेणे २६ मध्ये बुद्धभद्र या भिक्षूचा लेख आहे. या लेखांच्या वाचनाचा इतिहासही ग्रंथालयात टप्प्याटप्प्याने उलगडतो. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केलेले वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले, त्यानंतर जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मिराशींनी वाकाटकांच्या सर्व लेखांचे संपादन ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम’ या मालेच्या पाचव्या खंडात १९६३ मध्ये केले. शिलालेखाच्या संपादनात साधारणपणे ठशाचे छायाचित्र, मूळ पाठ, भाषांतर आणि टिपा असतात. दगडावर ओला कागद दाबून व शाई लावून घेतलेल्या प्रतीला ठसा म्हणतात. लेख झिजलेला असल्यास संपादकाने कंसात भरलेली अक्षरे हा त्याचा तर्क असतो. म्हणून केवळ भाषांतर वाचून निष्कर्ष काढण्याऐवजी पाठ आणि ठसा ताडून पाहणे आवश्यक ठरते.

तिसरे साधन बौद्ध कथावाङ्मयाचे. चित्रातील प्रसंग ऐतिहासिक असला पाहिजे हे फर्ग्युसन यांचे गृहीतक होते. परंतु लेण्यातील इतर भिंती जातककथा व बुद्धचरित्रातील प्रसंगांनी भरलेल्या असताना एकाच ठिकाणी राजदरबाराची बातमी रंगवली जाईल का, अशी शंका नंतरच्या अभ्यासकांनी घेतली. डीटर श्लिंगलॉफ यांच्यासारख्या अभ्यासकांनी पाली आणि संस्कृत कथांच्या पाठांशी चित्रांची बारकाईने तुलना केली आणि हे दृश्य महासुदर्शन या चक्रवर्ती राजाच्या बौद्ध कथेशी जोडले गेले. वॉल्टर स्पिंक यांनी शिलालेख, कोरकामातील टप्पे आणि अपुऱ्या राहिलेल्या भागांची पाहणी यांच्या आधारे दुसऱ्या गटातील लेण्यांचे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील जेमतेम दोन दशकांत आटोपले असे प्रतिपादन केले. त्यांचे बहुखंडी लेखन २००५ पासून प्रसिद्ध होत गेले. हा अल्पकालक्रम सर्व तपशिलांसह सर्वांना मान्य आहे असे नाही, म्हणून स्पिंक यांच्या ग्रंथांबरोबर त्यांची परीक्षणे व प्रतिवाद वाचणेही तितकेच महत्त्वाचे आहे. तथापि सातव्या शतकातील पुलकेशीचा दरबार आता बाजूला पडला आहे. परदेशी पेहरावाच्या आकृतींचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही. त्या पाचव्या शतकातील दख्खनच्या पश्चिमेकडील जगाशी असलेल्या संपर्काचा पुरावा म्हणून वाचल्या जाऊ लागतात आणि त्यासाठी व्यापार, नाणी व वेशभूषा यांवरील ग्रंथांकडे वळावे लागते.

अशा वादांची बरीचशी चर्चा पुस्तकांत नसून नियतकालिकांत असते. मुंबईची ‘मार्ग’, ‘आर्टिबस एशिए’, ‘आर्स ओरिएंटॅलिस’, ‘ललित कला’, तसेच एशियाटिक सोसायट्यांची नियतकालिके ही या विषयाची मुख्य स्थाने होत. ग्रंथालयाच्या तालिकेत सहसा नियतकालिकाचे नाव व खंड एवढेच असते, त्यातील प्रत्येक लेखाची स्वतंत्र नोंद नसते. त्यामुळे लेख शोधण्यासाठी संचित निर्देशसूची किंवा ‘जेस्टोर’सारखा लेखसंग्रह पाहावा लागतो. भारतीय विद्यापीठांतील अप्रकाशित प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. महाराष्ट्रात या साधनांचा मोठा भाग काही जुन्या संस्थांत एकवटलेला आहे : १८०४ मध्ये स्थापन झालेली आणि आज मुंबईच्या टाउन हॉलमध्ये असलेली एशियाटिक सोसायटी, पुण्यातील डेक्कन कॉलेज आणि १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था यांत जुनी नियतकालिके व लेखसंग्रह सलग पाहता येण्याची शक्यता अधिक असते.

जुनी पुस्तके आता ‘इंटरनेट आर्काइव्ह’, एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथ संजीवनी’ आणि केंद्र सरकारचे ‘इंडियन कल्चर’ संकेतस्थळ यांवर पाहता येतात, आणि त्यामुळे लहान गावातील विद्यार्थ्यालाही ग्रिफिथ्स किंवा बर्जेस घरबसल्या चाळता येतात. या सोयीच्या मर्यादा कलेतिहासात विशेष जाणवतात. मजकूर वाचता आला तरी घडीचे फलक न उलगडता टिपलेले असतात, रंगीत पाने करड्या छटांत येतात, आणि यंत्राने ओळखलेल्या अक्षरांत संस्कृत नावांची मोडतोड झाल्याने शब्दशोध फसतो. मजकुरासाठी संगणकीय प्रत आणि चित्रफलकांसाठी मूळ छापील प्रत, अशी विभागणी केल्यास वेळही वाचतो आणि पुरावाही भक्कम राहतो.

चित्रांच्या पुनर्मुद्रणांची तुलना करताना रंगाच्या बाबतीत अधिकच सावधगिरी हवी. ग्रिफिथ्स यांच्या पुस्तकातील रंग हा विद्यार्थ्याने कॅनव्हासवर उतरवलेला आणि मग छपाईत बदललेला रंग आहे. हेरिंगहॅम यांच्या प्रतिकृतींत रेषेवर भर देणाऱ्या चित्रकारांचा हात दिसतो. याझदानींचे फलक छायाचित्रांवर आधारलेले असले तरी ते काढले तेव्हा भिंतीवर जुन्या वार्निशाचा पिवळसर थर होता. त्यामुळे तीन पुस्तकांतील एकाच आकृतीच्या अंगरख्याचा रंग वेगळा दिसला, तर त्यांपैकी कोणता ‘खरा’ हा प्रश्न घाईने सोडवण्यापेक्षा प्रत्येक रंग कोणत्या वर्षीचा, कोणत्या माध्यमातला आणि कोणत्या अवस्थेतील भिंतीचा आहे हे नोंदवणे उपयुक्त ठरते. आकृतींची मांडणी, हातातील वस्तू, टोपीचा आकार यांबाबत जुन्या प्रतिकृती अधिक विश्वसनीय असतात, कारण त्यांत आज पडलेल्या गिलाव्यावरचे तपशीलही कधी कधी टिकून राहिलेले आढळतात.

यासाठी टिपणांची पद्धत आरंभापासूनच ठरवावी लागते. प्रत्येक साधनाच्या टिपणात लेखक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ व फलकाचा क्रमांक यांच्याबरोबर ते पुस्तक कोणत्या ग्रंथालयात पाहिले, फलक संपूर्ण होते की नाही, लेखकाने चित्र प्रत्यक्ष पाहिले होते की प्रतिकृतीवरून लिहिले, आणि त्याच्या निष्कर्षाचा आधार कोणता, हे चार मुद्दे टिपून ठेवावेत. लेण्यांचे क्रमांक हे त्यांच्या जागेच्या अनुक्रमाने दिलेले असून कालक्रमाने दिलेले नाहीत, याचीही आठवण टिपणात असावी, कारण लेणे क्रमांक १ हे सर्वांत जुने असा समज नवख्या वाचकाचा सहज होतो. चित्रे प्रबंधात वा पुस्तकात छापायची असल्यास संग्रहालयाची किंवा छायाचित्रकाराची परवानगी कोणाकडून घ्यायची, हेही त्याच पानावर लिहून ठेवणे सोयीचे असते.

शोध कुठे थांबवावा याचा निकष साधनांची संख्या हा नसतो. नव्याने हाती येणारा प्रत्येक लेख आधीच पाहिलेल्या साधनांकडेच बोट दाखवू लागला आणि मतभेदांची मूळ कारणे नेमकेपणाने सांगता येऊ लागली, की त्या प्रश्नापुरती सामग्री पुरेशी झाली असे मानता येते. ‘इराणी वकिलाती’च्या बाबतीत तो टप्पा १८७९ चा लेख, वाकाटकांचे शिलालेख, कथावाङ्मयाशी केलेली तुलना आणि कालक्रमाचा वाद ही चार साधने समोरासमोर ठेवल्यावर येतो. फर्ग्युसन यांचा निष्कर्ष त्यातून टिकत नाही, परंतु त्यांचा लेख टाकाऊही ठरत नाही. लेण्यांना निश्चित तारीख मिळवून देणारा बाहेरचा दुवा एकोणिसाव्या शतकातील विद्वान किती उत्सुकतेने शोधत होते, याचा तो आज पुरावा आहे. जुने साधन नव्याने वाचताना त्यातील उत्तराबरोबर त्याला पडलेला प्रश्नही तपासणे, हीच ग्रंथालयातील शोधाला संशोधनाचे रूप देणारी गोष्ट होय.